अहो, उंची बघा

विमानांच्या मैदानावर सगळे मला फ्यूज म्हणतात. लवकर उडते म्हणून. म्हणोत बापडे. छोट्या विमानांतले मीटर, वायरी आणि स्क्रीन यांचं काम करणारी इथे मी एकटीच आहे, त्यामुळे हसून झालं की प्रत्येकाला शेवटी माझ्याच दारात यावं लागतं. तोंड माझं फटकळ आहे, पण मी जोडलेली वायर आजवर सुटलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणेल, बाई भूतबित मानणारी दिसते. मी काही मानत नाही. मला फक्त एका स्क्रीनची भीती वाटायची, आणि ती माझ्याच हातांनी बसवलेली होती.

दाजींच्या विमानाची वार्षिक तपासणी होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मैदानावरच्या निम्म्या पायलटांना त्यांनीच शिकवलेलं. ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. दोघांना मूल नव्हतं. हे दोन सीटचं पांढरं विमान होतं, त्यात डावीकडे दाजी आणि उजवीकडे ताई. ताईची उशी अजून उजव्या सीटवर होती, आणि पट्टा तिच्या मापाला आवळलेला. तो सैल करायचं धाडस मलाही झालं नव्हतं.

हँगरचं दार अर्धं उघडं होतं. चाकांना ठोकळे लावलेले, इंजिन थंड. मी आत बसले, आधी आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि मगच स्क्रीन चालू केली. ताई गेल्यापासून मी हे असंच करते. स्क्रीन उजळली, निळं आकाश आणि तपकिरी जमीन आली, आणि उजव्या बाजूला उंचीचा आकडा आला. तो आमच्या मैदानाच्या उंचीपेक्षा सहाशे फूट कमी होता. म्हणजे स्क्रीनचं म्हणणं असं, की हे विमान हँगरच्या फरशीवर उभं नाही. ते जमिनीच्या खाली आहे, खोल, आणि मी त्यात बसलेली आहे.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्क्रीनला उंची कळते ती बाहेरच्या हवेच्या दाबावरून. दाब रोज बदलतो. म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी पायलट टॉवरला आजचा दाब विचारतो आणि एक छोटा नॉब फिरवून तो आकडा स्क्रीनला सांगतो. आकडा चुकला की स्क्रीन अगदी शांतपणे खोटी उंची दाखवत बसते. बंद करताना जो आकडा असेल तोच ती लक्षात ठेवते. हवामानाने असा फरक एका रात्रीत पडत नाही. नॉब कुणीतरी हाताने फिरवला होता, आणि हे विमान दाजींशिवाय कुणी उडवत नाही.

मला आधी राग आला. या माणसाने शिकाऊ पोरांना दाबाचा आकडा विसरल्याबद्दल रडेपर्यंत झापलंय. मग रागाची जागा भीतीने घेतली. सत्तरी जवळ आलेली, बायको गेलेली, घरात बोलायला कुणी नाही. माणूस विसरायला लागला असेल का? मी आकडा बरोबर करून ठेवला आणि गप्प बसले. आठवड्याभराने एक वायर तपासायच्या निमित्ताने परत स्क्रीन लावली, तर विमान पुन्हा जमिनीखाली.

त्याच सुमारास टॉवरवाला चहाला आला. हा मनुष्य एरवी कुचाळक्या करायलाच येतो, पण त्या दिवशी बशीत बघत बसला. मग म्हणाला की तुमचे दाजी उत्तरेच्या तलावावर फार खाली उतरतात. इतकं खाली, की त्याला काचेतून विमान दिसत नाही, नुसती पाण्यावर उठलेली रेघ दिसते. दोनदा त्याला वाटलं, संपलं. दोन्ही वेळा ते वर आले. तुमचे नातेवाईक म्हणून अजून वरच्या ऑफिसात कळवलं नाही, म्हणाला, पण तिसऱ्यांदा झालं तर मला कळवावं लागेल. त्याचं बरोबर होतं, म्हणून मी त्याच्यावर जास्तच ओरडले. तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

कळवलं की दाजींचं उडणं बंद होणार होतं. नाही कळवलं तर दाजीच जाणार होते. मला दोन्हीपैकी काहीच नको होतं.

आता त्या स्क्रीनबद्दल सांगते. जुने गोल मीटर काढून मी ती बसवली तेव्हा तिच्यात यंत्राचा एक सपाट आवाज होता. वेग कमी झाला, उंची कमी झाली, विमान जास्त कललं, की तो हेडसेटमध्ये बोलायचा. दाजींना तो अजिबात सहन व्हायचा नाही. म्हणाले, हा कोण परका माणूस माझ्या कानात शिरून मला शिकवतोय? शिकवायला शेजारी एक आहे ना. आणि होतीच ती. ताई शाळेत शिकवायची, आवाज खणखणीत, आणि विमानात बसली की सतत चालू. अहो उंची बघा, अहो वेग बघा, अहो तो पक्षी बघा. दाजी म्हणायचे, मला इंजिनाचा आवाज ऐकायचा असेल तर हिला उतरवावं लागतं.

माहितीपुस्तकात मला सापडलं की त्या स्क्रीनमध्ये आपल्याला हवे ते आवाज भरता येतात. मग काय, थट्टा म्हणूनच ठरलं. ताईला माझ्या वर्कशॉपमध्ये बसवलं, कॉम्प्रेसर बंद केला, तिच्या हातात माइक दिला. प्रत्येक इशाऱ्याला दोनच शब्द, असं बजावलं. दोन शब्दांत बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं. उंचीला म्हणाली, “अहो, उंची बघा.” वेगाला नुसतं “अहो, वेग.” विमान कललं तर काय, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “अहो, सरळ. मी सांडेन.” आम्ही दोघी हसून हसून लोळलो.

शेवटचा एक इशारा राहिला होता. हा कधी वाजणार, तिने विचारलं. मी म्हटलं, आसपास धावपट्टी नाही, जमीन अगदी टेकायला आलीये आणि विमान अजून खालीच चाललंय, तेव्हा. सरळ सांगायचं तर वाजणारच नाही. ती जरा वेळ माइककडे बघत बसली आणि मला म्हणाली, तू बाहेर जा. मला बाहेर काढून तिने दार लावून घेतलं. काचेतून दिसत होती. माइकभोवती हात धरून बोलत होती, आणि दोन शब्दांना लागतो त्यापेक्षा बराच वेळ बोलली. बाहेर आली ती डोळे पुसत, पण हसत होती. काय बोललीस विचारलं तर म्हणाली, वाजणारच नाही म्हणतेस ना, मग तुला कशाला हवंय? मला कामाची घाई होती. मी न ऐकताच ते स्क्रीनमध्ये भरलं. ती स्क्रीन आवाज घेते, परत देत नाही. ज्या कार्डावरून भरलं ते पुढे पुसून दुसऱ्या विमानाला वापरलं गेलं. दाजींना ताई नंतर कैक दिवस चिडवायची, की तुमच्यासाठी एक राखून ठेवलंय.

मग ताई आजारी पडली आणि पानगळ सुरू व्हायच्या आत गेलीसुद्धा. दाजी रडले नाहीत. सगळे म्हणाले, खंबीर आहेत. मला ते खंबीर वाटले नाहीत, मला ते कुठेतरी निघून गेल्यासारखे वाटले. मी घरी गेले तर आम्हा दोघांना तीन कप मांडायचे. आणि उडायला मात्र रोज जायला लागले.

टॉवरवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी दाजींना सांगितलं की आज मी बरोबर येणार. का, त्यांनी विचारलं. स्क्रीन तपासायची आहे, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, उजव्या सीटकडे बघितलं आणि स्वतः वाकून ताईचा पट्टा सैल केला. उशी तशीच ठेवली. मी तिच्यावर बसले.

इंजिनाच्या आधी त्यांनी टॉवरला दाब विचारला, नॉब फिरवला, आकडा मोठ्याने म्हटला. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. मला हायसं वाटलं, आणि लगेच जास्त भीती वाटली, कारण याचा अर्थ हा माणूस काहीच विसरत नव्हता. हवा स्वच्छ होती. खाली कौलं, कुंपणं, मग शेतं, मग तलाव. बऱ्याच उंचीवर आम्ही गोल फिरत होतो. दाजी म्हणाले, आवाज वाढव. मी नाही म्हटलं. त्यांनी हात पुढे करून स्वतःच वाढवला, आणि मग बोटांच्या चिमटीत तो दाबाचा नॉब धरून हळूहळू उलटा फिरवायला लागले.

विमान जागचं हललं नाही, आकडे मात्र उतरायला लागले. स्क्रीनला वाटत होतं आपण पडतोय. आणि मग माझी बहीण माझ्या डोक्यात बोलली.

“अहो, उंची बघा.”

“बघतोय,” दाजी म्हणाले.

हेडसेटमधला आवाज कानात वाजत नाही, तो डोक्याच्या मधोमध वाजतो. वर्षभर मी बटण शून्यावर नेऊन तो चुकवला होता. तिच्या आवाजात हसू दाबल्याचं कळत होतं, कारण त्या दिवशी समोर मी बसून तोंडं वेडीवाकडी करत होते. दाजींनी इंजिन कमी केलं. अहो, वेग. देतो गं, देतो. त्यांनी एक पंख खाली टाकला, तलाव माझ्या खांद्याशी आला. अहो, सरळ, मी सांडेन. दाजी हसले. नॉब, इंजिन, पंख, परत नॉब. तिने म्हणायचं, यांनी उत्तर द्यायचं, आणि सगळं इतक्या सरावाने, की मला कळून चुकलं, हा माणूस रोज इथे येऊन बायकोशी गप्पा मारतो. नॉब चुकीचा राहायचा तो याच्यामुळे. शेवटी परतताना ते तो फिरवायचं टाळत होते, म्हणजे उतरेपर्यंत ती बोलत राहील.

मी रडायला लागले. मला रडताना बघितलेली माणसं फार नाहीत. मी त्यांना म्हटलं, बंद करा हे, माझ्याच्याने ऐकवत नाही. त्यांनी लगेच नॉब बरोबर केला. ताई गप्प झाली.

“एक राहिलंय,” दाजी म्हणाले. “तिने राखून ठेवलेलं. ते नॉब फिरवून येत नाही.”

ते मलाही माहीत होतं. शेवटचा इशारा हवेच्या दाबाला विचारत नाही. तो जीपीएसला आणि जमिनीच्या नकाशाला विचारतो, त्याला नॉबने फसवता येत नाही. ते वाजायला विमान खरोखरच खाली जावं लागतं. दाजी अगदी साध्या आवाजात सांगत होते, नळ गळतोय हे सांगावं तसं. की मी तलावावर दोनदा गेलो. पण तिचा आवाज यायच्या आत हात आपले आपणच दांडी मागे ओढतात आणि विमान वर उचलतात. चाळीस वर्षांची सवय. मी हातांना किती समजावलं, ऐकत नाहीत.

“ती सवय मोडायला हवी,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बाहेर बघत होते, तलावाकडे. चेहऱ्यावर दुःख असं काहीच नव्हतं. दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं आहे, एवढीच काय ती चिंता.

उतरल्यावर मी जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. पार हँगरच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विमानाची काच पुसली, आणि उद्या येतो म्हणून निघून गेले. उद्या ते उडणार होते. मी बरोबर असो वा नसो.

दुपारी मी ठरवलं, आवाज पुसून टाकायचे. पुसले की तो सपाट यंत्राचा आवाज परत येईल, आणि त्याच्यासाठी कुणी तलावात जाणार नाही. मी विमानात बसले, एकेक करत योग्य पानावर आले. स्क्रीनने विचारलं, सर्व आवाज पुसायचे का. खाली दोन चौकोन, हो आणि नाही. बोट ‘हो’वर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. बाई एकदा मेली होती. तिला दुसऱ्यांदा मी मारायचं, तेही तिचं शेवटचं बोलणं न ऐकता? मी तिला शिव्या घातल्या. मोठ्याने. म्हटलं, जन्मभर तुझ्या पोटात एक गोष्ट राहिली नाही, आणि नेमकी हीच कशी राहिली? माझा आवाज पत्र्याला आपटून परत आला. उजव्या सीटवर उशी होती, आणि तिच्यावर माझाच सकाळचा खळगा होता. मला वाटलं तो माझा नाही. मी खाली उतरून दाराशी जाऊन उभी राहिले, घाम पुसला, आणि तेव्हा मला मांडणीवरचा पंप दिसला.

किती मूर्ख असावं माणसाने. स्क्रीन तपासायची तर आम्ही काही दर वेळी आकाशात जात नाही, आकाशच इथे आणतो. पंखावरच्या नळीला पंप लावायचा, थोडी हवा ओढली की स्क्रीनला वाटतं विमान चढतंय, सोडली की वाटतं उतरतंय. जीपीएसच्या जागी माझ्या लॅपटॉपची केबल लावायची, आणि लॅपटॉप सांगेल ते ठिकाण, ती उंची स्क्रीन खरी मानते. हे काम मी महिन्यातून चारदा करते. नॉबला न फसणारा इशारा माझ्या लॅपटॉपला फसतो. वर्षभरात हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मला तो आवाज ऐकायचाच नव्हता. दाजी तिच्यामागे धावत होते आणि मी पळत होते, एवढाच फरक.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता या, काही विचारू नका.

ते आले तेव्हा सगळं जोडून झालं होतं. मी त्यांना डावीकडे बसवलं, हेडसेट दिला, आणि स्वतः लॅपटॉप मांडीवर घेऊन ताईच्या उशीवर बसले. काय करणार आहे ते दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मान हलवली. समोर काचेतून हत्यारांचं कपाट दिसत होतं, झाडू, तेलाचा डबा, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. चाकांना ठोकळे होते.

पंप घुरघुरायला लागला आणि आम्ही चढलो. हजार, दोन हजार. कपाट तिथेच होतं, झाडू तिथेच होता, आणि स्क्रीनवर आम्ही तलावाच्या वर होतो. इंजिनाचा आवाज नाही, वारा नाही. मेल्यावर उडत असतील तर असंच उडत असतील, असं काहीतरी मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं. दाजींनी नकळत दोन्ही पाय पेडलवर ठेवले होते. मी त्यांना विचारलं, जाऊ? ते म्हणाले, जा.

मी खाली यायला सुरुवात केली. अहो, उंची बघा. या वेळी त्यांनी उत्तर दिलं नाही. अहो, वेग. स्क्रीनवरचं पाणी मोठं होत गेलं, आकाश वर सरकत त्याची नुसती पट्टी उरली. दाजींचा हात दांडीवर गेला. मी म्हटलं, दाजी, आपण हँगरमध्ये आहोत. ते म्हणाले, हो. आणि पूर्ण जोराने दांडी पोटाशी ओढली. मागे शेपटीची फळी खाडकन वर गेली, तिच्यावर वाळत टाकलेलं माझं फडकं खाली पडलं. आकडे उतरतच राहिले. ती दांडी माझ्या लॅपटॉपला जोडलेली नव्हती.

स्क्रीन लाल झाली.

“अहो, हे ऐकू आलं म्हणजे मी शेजारी नाही,” ताई म्हणाली. इथे स्क्रीनवरची पाण्यापासूनची उंची शून्य झाली. पण आमच्याखाली पाणी नव्हतं, हँगरची फरशी होती, म्हणून ती पुढे बोलू शकली. “मी असते तर इथवर येऊच दिलं नसतं. ओढा बघू. आधी ओढा, मग बोलू.”

हसू नव्हतं त्यात. बाकी सगळे इशारे ती हसत बोलली होती, हा नाही. मला बाहेर काढून, दार लावून, तिने डोळ्यांपुढे ते सगळं आणलं असणार, पाणी आणि एकटा माणूस, आणि त्या माणसाला ती खरोखर हाक मारत होती. तेव्हा ती धडधाकट होती. तिच्या मनात एवढंच असेल, की कधीतरी मी बरोबर नसेन, शाळेत असेन, घरी असेन.

दाजी दांडी पोटाशी धरून बसले होते. मी त्यांना सांगायची गरज नव्हती, त्यांनी स्क्रीनकडे बघितलं होतं. तलावावर त्यांना पहिलंच वाक्य ऐकू आलं असतं. ती शेजारी नाही, एवढंच. पुढचं ऐकायला कुणी उरलं नसतं.

असा इशारा कारण नाहीसं होईपर्यंत थांबत नाही, तो पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो. अहो, हे ऐकू आलं म्हणजे. ओढा बघू. आधी ओढा. परत सुरू. माझा हात लॅपटॉपवर होता, दोन बोटांचं काम होतं, आणि माझ्याच्याने ते होईना. मला वाटलं, त्यांना हवं तितकं ऐकू दे. त्यांनी याच्यासाठी जीव टाकायची तयारी केली होती, मग इथे संध्याकाळपर्यंत बसू. मलाही ते हवं होतं, हे आता मला कळत होतं. मला माझी बहीण हवी होती, घाबरलेली तर घाबरलेली.

तिसऱ्या वेळी “ओढा बघू” झालं आणि दाजींनी दांडी सोडून माझं मनगट धरलं.

“वर घे,” ते म्हणाले. “घाबरलीये ती.”

मी वर घेतलं. स्क्रीन निळी झाली आणि ताई वाक्याच्या मध्येच थांबली. पंप घुरघुरत राहिला. दाजी तेव्हा रडले, अगदी लहान मुलासारखे, हेडसेट डोक्यावर तसाच ठेवून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात असं कधी करायची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी मी ठेवला.

मग त्यांनी टॉवरला आजचा दाब विचारला. टॉवरवाला गोंधळला, कारण विमान हँगरमध्ये होतं, पण त्याने सांगितला. दाजींनी नॉब फिरवून आकडा बरोबर केला, मोठ्याने म्हटला, आणि मास्टर स्विच बंद केला.

दुसऱ्या सकाळी ते उडायला आले. आदल्या दिवशी ठरवलंच होतं तसं. मी काही न विचारता उजवीकडे बसले, पट्टा माझ्या मापाला केला. आवाजाचं बटण पूर्ण वर होतं, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनीच ते तिथवर नेलं होतं. आम्ही तलावावरून गेलो, चांगल्या उंचीवरून, बऱ्या वेगाने, पंख सरळ. पलीकडच्या टेकड्यांना वळसा घातला आणि परत आलो. दाजींनी नॉबला हात लावला नाही. जाताना नाही आणि येताना नाही. मी सगळा वेळ हेडसेटमध्ये कान लावून बसले होते. चाकं टेकली, आम्ही हँगरसमोर थांबलो, तरी आवाज नाही. एवढा वेळ आमची ताई गप्प बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती.